इपॉक्सी चढवलेल्या छोट्या बोटीला रंग देताना

मरीन प्लायची कयाक किंवा छोटी शिडाची बोट बांधून झाली, वर काचेचं कापड बसवून इपॉक्सीचे, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या लेपाचे, तीन हात दिले, की ती इतकी देखणी दिसते की तिच्यावर रंग चढवायचं जिवावर येतं. लाकडाची रेघन् रेघ आतून उजळते. पाणी ठरत नाही, नखाचा ओरखडा उठत नाही. मग बरेच जण ठरवतात, राहू दे अशीच. एक उन्हाळा उघड्यावर गेला की चकाकी उतरते, पिवळटपणा येतो, तळहात फिरवला तर पांढरी भुकटी लागते. आणखी काही काळाने बारीक चिरा पडतात, त्यांतून पाणी आत शिरतं आणि प्लायला काळे डाग धरतात. लाकूड वाचावं म्हणून जे लावलं, तेच आधी गेलेलं असतं.

इपॉक्सीला ऊन सोसत नाही, एवढंच याचं कारण. बोटींसाठी वापरलं जाणारं नेहमीचं इपॉक्सी बिस्फेनॉल-ए या रसायनापासून तयार होतं. त्याच्या रेणूंची रचनाच अशी आहे की सूर्यप्रकाशातले अतिनील किरण ते शोषून घेतात आणि त्या ऊर्जेने स्वतः तुटत जातात. पाणी, डिझेल, मीठ या सगळ्यांना पुरून उरणारा हा पदार्थ उन्हापुढे हात टेकतो. त्यामुळे इपॉक्सीवरचा रंग शोभेसाठी आहे असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड किरण अडवतं, त्याखालचं इपॉक्सी पाणी अडवतं, आणि या दोघांच्या आड लाकूड कोरडं राहतं. यातला एक जरी थर गळाला तरी बाकीचे फार दिवस तग धरत नाहीत. लाकूड दिसायलाच हवं असेल, तर अतिनील किरण शोषणारं चांगलं बोटीचं व्हार्निश लावता येतं. पण ते किरण शोषता शोषता स्वतः खर्ची पडतं, आणि आपल्या उन्हात दरवर्षी त्याचे नवे हात द्यायची तयारी ठेवावी लागते. बोट उन्हात राहणार असेल तर मी गडद नसलेला, अपारदर्शक रंगच सुचवतो.

रंग द्यायचा ठरलं की खरी अडचण सुरू होते. दुकानातून चांगल्यातला चांगला ऑइल पेंट आणावा, मन लावून लावावा, आणि चार दिवसांनीही तो हाताला चिकटावा. किंवा छान सुकावा आणि पुढच्या हंगामात त्याचे हातभर पोपडे निघावेत. दोष रंगाला दिला जातो, दुकानदाराला दिला जातो. पण इपॉक्सीवरचा रंग फसतो तेव्हा बहुतेक वेळा तो डबा उघडण्याआधीच फसलेला असतो. खालचा पृष्ठभाग कसा आहे आणि वरचा रंग कोणत्या पद्धतीने सुकतो, या दोन गोष्टी जुळल्या नाहीत की असं होतं.

त्याआधी एक खुलासा. आपल्या किनाऱ्यावर ज्यांना ‘फायबरच्या होड्या’ म्हणतात, त्या बहुतेक सगळ्या पॉलिएस्टर रेझिनच्या असतात. नाकात जाणारा उग्र स्टायरिनचा वास आला की समजावं, काम पॉलिएस्टरचं चाललंय. इपॉक्सीला तसा वास नसतो. असतो तो हार्डनरचा, किंचित अमोनियाकडे झुकणारा. पॉलिएस्टरच्या होडीवर रंग देताना साच्याचं मेण ही मोठी अडचण असते. इपॉक्सीच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले की घोटाळा होतो.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो हार्डनरच्या मापात. पॉलिएस्टरमध्ये टाकतात ते कॅटॅलिस्ट फक्त प्रक्रिया सुरू करून देतं. ते रेझिनच्या एक-दोन टक्के एवढंच लागतं, आणि थोडं जास्त टाकलं तर काम लवकर आवळतं. ज्यांचा हात त्या कामावर बसलाय ते इपॉक्सीतही घाई असली की हार्डनर चढा ओततात. इपॉक्सीत मात्र हार्डनर हा निम्मा संसार आहे. रेझिनचा प्रत्येक रेणू हार्डनरच्या रेणूशी प्रत्यक्ष जोडला जातो. म्हणून तर मापं पाचास एक, तीनास एक, दोनास एक अशी ठरलेली असतात. हार्डनर जास्त झालं, तर ज्यांना जोडीदार मिळाला नाही असे हार्डनरचे रेणू त्या थरात कायमचे मोकळे राहतात. थर वरून कडक वाटतो, पण आतून थोडा मऊ असतो आणि वरच्या रंगाशी भांडत राहतो. लवकर हवं असेल तर जलद हार्डनर विकत घ्यावं, माप बदलू नये. वजनाने मोजायचं की आकारमानाने, हेही डब्यावर बघावं. दोन्हींची प्रमाणं बहुधा वेगळी असतात.

हे हार्डनर रसायनशास्त्राच्या भाषेत अमाइन असतं, आणि या लेखातला खलनायक म्हणायचा तर हाच. माप अगदी बरोबर असलं तरी थर ओला असताना थोडं अमाइन पृष्ठभागावर येतं. तिथे त्याची गाठ हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि ओलाव्याशी पडते, आणि एक मेणचट, तेलकट साय तयार होते. इंग्रजीत काम करणारे कारागीर तिला ब्लश म्हणतात. आपण साय म्हणू. हवा दमट आणि गार असेल तर ती जास्त धरते. कधी ती नुसत्या डोळ्यांना धुरकट दिसते, कधी अजिबात दिसत नाही. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. ओल्या बोटांनी पृष्ठभाग हलकेच चोळला की साबण लागल्यागत बुळबुळीत लागतं. ती साय.

ही साय पाण्यात विरघळते, आणि ही फार उपयोगी गोष्ट आहे. गोडं पाणी, भांडी घासायची हिरवी घासणी आणि भरपूर स्वच्छ फडकी, एवढंच लागतं. साबणाची गरज नाही. उलट तो धुऊन काढायचं काम वाढतं. हातभर भाग ओला करायचा, घासायचा, आणि पाणी तिथेच सुकू न देता लगेच कोऱ्या फडक्याने टिपून घ्यायचं. सुकलं तर विरघळलेली साय परत तिथेच बसते. पाणी वरचेवर बदलायचं. थिनरने पुसायची सवय असलेल्यांनी इथे हात आवरावा, कारण थिनरने साय निघत नाही, नुसती पसरते. आणि पॉलिश पेपर तर धुण्याच्या आधी लावूच नये. घासताना साय खरवडली जाते आणि पेपरने पाडलेल्या चरांमध्येच जाऊन बसते, जिथे रंगाने पकड घ्यायची असते. क्रम एकच: आधी धुणं, मग घासणं.

घासणं कशासाठी, हेही एकदा नीट समजून घेतलं की कंटाळा येत नाही. इपॉक्सीवर दुसरा थर दोन तऱ्हांनी धरतो. पहिला थर अजून कोवळा असेल, म्हणजे अंगठा दाबला तर ठसा उमटतो पण हाताला काही लागत नाही अशा अवस्थेत असेल, तर दुसरा थर त्याच्याशी रसायनानेच जोडला जातो. म्हणूनच इपॉक्सीचे दोन-तीन हात एकाच दिवसात एकावर एक देता येतात, मध्ये घासावं लागत नाही. ही वेळ उलटून गेली, थर पक्का झाला, की नव्या थराला धरायला रासायनिक जागा उरत नाही. मग उरते फक्त यांत्रिक पकड: पृष्ठभागावर बारीक चर पाडायचे आणि रंग त्यांत मुरवायचा. गुळगुळीत तेलकट पाटीवर खडू उमटत नाही, घासलेल्या पाटीवर उमटतो, तसंच हे.

प्रायमर देणार असाल तर ८० ते १२० नंबरचा पेपर, थेट रंग देणार असाल तर १८० ते २२० नंबरपर्यंत. घासताना पेपरकडे लक्ष ठेवावं, तो पुष्कळ काही सांगतो. पांढरी, कोरडी, उडणारी भुकटी निघाली तर इपॉक्सी पक्कं झालंय. पेपरवर गोळे चढायला लागले, तो चोंदायला लागला, तर एकतर साय राहिलीय किंवा थर अजून कोवळा आहे, तिथेच थांबावं. अर्धवट पिकलेल्या इपॉक्सीची भुकटी अंगाला आणि फुप्फुसांना फार वाईट. ती कातडीला एकदा बाधली की त्यानंतर साध्या स्पर्शानेही खाज आणि पुरळ उठतं, आणि ते दुखणं जन्मभर सोबत राहू शकतं. हातमोजे आणि चांगला मास्क यांत काटकसर नको. वॉटर पेपरने पाण्यात घासलं तर भुकटी उडतच नाही, आणि राहिलेली साय धुतली जाते ती वेगळीच.

घासून झाल्यावर बोट उजेडात आणावी आणि तिरपं पाहावं. सगळा पृष्ठभाग एकसारखा मंद, दुधाळ दिसायला हवा. बारकाईने बघितलं तर जिथे जिथे खळगा आहे तिथे टाचणीच्या टोकाएवढा चकाकता ठिपका दिसेल. कापडाची वीण पूर्ण भरली नसेल तर असे शेकडो ठिपके ओळीने दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंग न धरणारी जागा. घासतच राहिलात तर कापड उघडं पडेल. त्यापेक्षा वरून आणखी एक पातळ हात इपॉक्सीचा द्यावा, किंवा जाड बसणाऱ्या इपॉक्सी प्रायमरचं अस्तर द्यावं, आणि मग परत घासावं. शेवटची परीक्षा पाण्याने करावी. पृष्ठभागावर पाणी मारलं आणि ते सलग पातळ पसरलं तर तो स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन वेगळे झाले तर कुठेतरी मेण, तेल किंवा सिलिकॉन आहे, आणि परत धुणं आलं.

आता रंगाकडे. सगळे रंग ‘सुकतात’ असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी, आणि त्यावरच इपॉक्सीशी त्याचं जमणार की नाही हे ठरतं.

घरच्या दारांना आणि ग्रिलला लावतात तो ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. थिनर उडून जाणं ही फक्त सुरुवात. खरं काम त्यानंतर, त्यातलं तेल प्राणवायूशी जोडलं जाताना होतं. हे फार सावकाश चालतं, म्हणून त्यात कोबाल्टसारख्या धातूंचे क्षार घातलेले असतात. त्यांना ड्रायर म्हणतात. आता या रंगाखाली मोकळं अमाइन असेल तर ते या कोबाल्टला जखडून ठेवतं आणि त्याचं काम बंद पाडतं. शिवाय अमाइन अल्कधर्मी असल्यामुळे तेलाच्या रंगाला तसंही मानवत नाही. परिणाम आपण बघतो तो असा, की रंगाचा वरचा पापुद्रा, ज्याला हवा मिळते, तो सुकतो आणि इपॉक्सीला टेकलेला खालचा भाग चिकटच राहतो. नख लावलं की कातडं सरकावं तसा सरकतो. एकाच डब्यात मिळणारे ‘पॉलियुरेथेन’ लिहिलेले बरेच रंग आणि व्हार्निशंही मुळात तेलाच्याच कुळातली असतात. नुसत्या नावावर जाऊ नये. डबा एकच आहे, हार्डनर वेगळं नाही, आणि पातळ करायला टर्पेंटाइन सांगितलंय, तर त्याला ऑइल पेंटचेच नियम लावावेत.

याचा अर्थ ऑइल पेंट इपॉक्सीवर चालतच नाही असा नाही. इपॉक्सी पूर्ण पक्कं झालं असेल, म्हणजे आपल्याकडच्या तिशीच्या तापमानात किमान आठवडाभर आणि जमलं तर दोन आठवडे गेले असतील, साय धुतली असेल, नीट घासलं असेल, तर पुष्कळदा तो छान बसतो. पण ‘पुष्कळदा’ या शब्दावर अख्खी बोट रंगवायची नसते. हार्डनर हार्डनरमध्ये फरक असतो, रंगारंगात असतो. म्हणून आधी तुकडा रंगवून बघायचा. त्याचं पुढे सांगतो.

दोन डब्यांतलं पॉलियुरेथेन, ज्याला मोटारींच्या रंगाच्या दुकानात टू-के पीयू म्हणतात, ते वेगळ्याच मार्गाने घट्ट होतं. एका डब्यातला पदार्थ दुसऱ्यातल्या आयसोसायनेटशी जोडला जातो. त्याला प्राणवायू नको, ड्रायर नको, त्यामुळे पक्क्या इपॉक्सीवर ते फार चांगलं धरतं आणि ऊन-पावसात वर्षानुवर्षं चकाकी टिकवतं. माझ्या मते उन्हात राहणाऱ्या छोट्या बोटीला यापेक्षा चांगला वरचा थर नाही. मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. आयसोसायनेट ओलाव्याशीही जोडलं जातं आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात; दमट दिवशी लावलं तर पृष्ठभाग फसफसलेला आणि मंद होतो. साय राहिली असेल तर तिच्याशीही ते जोडलं जातं. दुसरी गोष्ट जिवाची आहे. आयसोसायनेट फुप्फुसात गेलं की दमा जडू शकतो. भोपाळला १९८४ मध्ये फुटलेला वायू याच कुळातला होता. रंगातला प्रकार तितका उडून जाणारा नसतो, पण स्प्रे केला की त्याचा बारीक तुषार थेट श्वासात जातो, आणि त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साधा मास्क नाही. घरी काम करणाऱ्याने स्प्रेच्या वाटेला जाऊच नये. फोमच्या छोट्या रोलरने हातभर पट्टा लावायचा आणि लगेच चांगल्या ब्रशचं टोक हलकेच त्यावरून न्यायचं, की बुडबुडे मोडतात. दोघं जण असले, एक रोलरवर आणि एक ब्रशवर, तर काम फार सुबक होतं.

तिसरा मार्ग पाण्याच्या रंगाचा, म्हणजे बाहेरच्या भिंतींना लावतात त्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचा. पाणी उडून जातं आणि अ‍ॅक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. अमाइनचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. घरी बोटी बांधणारे जगभरात हा रंग वापरतात. तो पीयूइतका कडक होत नाही, घसटला की खरचटतो, बोट ठोकळ्यांवर टेकवून ठेवली तर तिथे चिकटून बसतो. पण जी डिंगी, म्हणजे छोटी होडी, वापरून झाली की छपराखाली जाते तिला तो पुरेसा आहे, हात लावायला सोपा आहे आणि पुढच्या वर्षी वरून आणखी एक हात देता येतो. स्वस्त आहे म्हणून त्याला नाक मुरडू नये.

या सगळ्यांच्या खाली इपॉक्सी प्रायमरचं अस्तर दिलं तर काम बरंच सोपं होतं. तो खालच्या इपॉक्सीला धरतो आणि वरच्या रंगासाठीच बनवलेला असतो. त्याच्या डब्यावर किती तासांनंतर आणि किती तासांच्या आत पुढचा हात द्यायचा हे लिहिलेलं असतं. ती वरची मर्यादा ओलांडली तर परत घासावं लागतं.

लाकूड आणि इपॉक्सी यांची ही जोडी बोटींमध्ये रूढ केली ती अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीच्या गुजॉन बंधूंनी, १९७० च्या सुमारास. तिथल्या गोठलेल्या पाण्यावर धावणाऱ्या शिडाच्या गाड्या बांधताना हे तंत्र त्यांच्या हातात बसलं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची बोट ‘म्हादेई’ हीसुद्धा रेड सीडारच्या पट्ट्या, काचकापड आणि इपॉक्सीचीच. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीला फेरी मारली. पण कोकण-गोव्याचं इपॉक्सीशी नातं याहून जवळचं आहे, आणि ते काजूमधून येतं. काजूच्या टरफलातलं काळं, हाताची सालं काढणारं तेल आपल्याकडे होड्यांच्या लाकडाला आणि जाळ्यांना लावत आले आहेत. त्याच तेलातून कार्डानॉल नावाचा पदार्थ वेगळा काढतात आणि त्यापासून फेनाल्कामाइन नावाचं हार्डनर बनतं. हे हार्डनर गार, दमट हवेतही इपॉक्सीला घट्ट करतं आणि साय कमी धरतं, म्हणून मोठ्या जहाजांच्या इपॉक्सी प्रायमरमध्ये त्याला जगभर मागणी आहे. प्रायमर घेताना डब्यावर हे नाव दिसलं तर आपल्या हवेसाठी ते चांगलं लक्षण समजावं.

आपली हवा हाच यातला सगळ्यात कठीण भाग आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये, मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी डागडुजी-रंगरंगोटी उरकायची रीत पडलेली आहे. लाकडी होडीच्या डामराला आणि साध्या रंगाला ते चालून जातं. इपॉक्सीच्या कामाला मात्र हे महिने वर्षातले सगळ्यात वाईट. हवेत पाणी भरलेलं असताना साय भरभरून धरते, पीयू फसफसतं, आणि रंगाखाली ओल अडकते. जमेल तितकं काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये उरकावं. थंडीत सकाळी पृष्ठभागावर दव असतं. ते उडून बोट कोमट होईपर्यंत ब्रश उचलू नये, आणि दुपार कलायच्या आत शेवटचा हात संपवावा. ओल्या रंगावर संध्याकाळचं दव पडलं की सगळी चकाकी जाते. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्याहून, तीन अंशांनीही जास्त नसेल, तर रंगकाम करू नये असा या धंद्यातला जुना नियम आहे. उन्हाळ्यात उलट त्रास: लाकूड तापत असताना त्यावर इपॉक्सी लावलं तर लाकडातली हवा फुगून वर येते आणि थराला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून लाकडाला पहिला हात नेहमी तापमान उतरत असताना, सावलीत द्यावा.

खाऱ्या वाऱ्याचं मीठही विसरू नये. समुद्रापासून फर्लांगभर आत ठेवलेल्या बोटीवरही रात्रीतून ते बसतं. रंगाखाली अडकलं तर ते पाणी ओढून घेतं आणि काही महिन्यांत रंगाला फोड येतात. काल घासून ठेवलेली बोट आज रंगवायची असेल तर आज पुन्हा गोड्या पाण्याने पुसून, सुकवून मगच.

रंग कोणता निवडायचा यात छटेचाही वाटा आहे, आणि तो लोक हसण्यावारी नेतात. घरच्या तापमानात पिकलेलं इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात गडद निळी किंवा काळी बोट उन्हात उभी केली तर तिचा पृष्ठभाग सहज त्यापलीकडे जातो. मग आतल्या कापडाची वीण रंगातून वर उमटते आणि सांधे ताणाखाली सरकू शकतात. पांढरा, फिकट राखाडी, फिकट पिवळा यांतलं काहीतरी निवडावं. गडद रंगाची हौस असेल तर ती वरच्या काठाच्या पट्ट्यावर भागवावी.

पाण्याखालचा भाग वेगळा विचार मागतो. रोज वर ओढल्या जाणाऱ्या कयाकला किंवा ऑप्टिमिस्टसारख्या छोट्या बोटीला कालवं-शेवाळ धरायला वेळच मिळत नाही. तिला सगळीकडे एकच रंग पुरतो. महिनोन् महिने पाण्यात बांधून ठेवायची असेल तर तळाला कालवं-शेवाळ धरू न देणारा तांब्याचा रंग, म्हणजे अँटीफाउलिंग, लागतो. वरच्या भागासाठीचं पीयू तिथे चालत नाही, ते सतत पाण्यात राहिलं की फुगतं. तळावरच्या इपॉक्सी प्रायमरचा शेवटचा थर अंगठ्याचा ठसा घेण्याइतका कोवळा असतानाच अँटीफाउलिंगचा पहिला हात दिला तर दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात.

आता तो राहिलेला तुकडा. बसायच्या फळीच्या खाली किंवा मागच्या आडव्या पाट्याच्या आतल्या बाजूला वीतभर जागा घ्यावी. इपॉक्सी तेच, धुणं-घासणं तसंच, रंग तोच, आणि थरही नेहमीइतकाच जाड. दोन दिवस थांबून नख रोवून बघावं. खालचा भाग सरकला तर तो रंग त्या इपॉक्सीवर त्या वेळी चालणार नाही. नख रुतलं नाही तर आणखी आठवडाभराने धारदार पात्याने उभ्या-आडव्या पाच-सहा रेघा मारून बारीक चौकटी पाडाव्यात, त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. चौकटी जागेवर राहिल्या की निर्धास्त अख्खी बोट घ्यावी. पट्टीबरोबर रंग आला तर धुणं किंवा घासणं कमी पडलं आहे.

आणि बोट रंगवून बसलात, ती चिकट राहिली, तर? वरून दुसरा हात मारण्याचा मोह आवरा. त्याने खालच्या थराची हवा आणखी तुटते. आधी तिला चार-सहा दिवस कोरड्या, वाऱ्याच्या जागी, कोवळ्या उन्हात ठेवा. अमाइन थोडंच असेल तर रंग उशिरा का होईना पकडतो. आठवडा उलटून गेला तरी नख रुतत असेल तर तो रंग काढावाच लागतो: खरवडणीने जेवढा निघेल तेवढा काढायचा, उरलेला थिनरच्या फडक्याने पुसायचा, दर वेळी फडकं बदलायचं. मग गोड्या पाण्याने हिरव्या घासणीने धुवून, पेपर मारून, इपॉक्सी प्रायमरचं अस्तर द्यायचं आणि त्यावर त्याच्या वेळेत दोन डब्यांचं पीयू किंवा अ‍ॅक्रिलिक घ्यायचं. एका माणसाचं दोन सुट्ट्यांचं काम आहे, आणि खालचं लाकूड व इपॉक्सी शाबूत असेल तर बोटीचं त्यात काही बिघडत नाही.